डॉक्टर हू: रोझ, मार्था की डोना? तुमचा साथीदार कोण आणि का?

ताळगावची

नमस्कार मंडळी, इथे डॉक्टर हू बघणारे कोण आहेत का? असाल तर प्लीज बोला, कारण आमच्या घरात मी आणि माझा आतेभाऊ सोडून हा विषय कळणारं कोणी नाही आणि त्याच्याशी गेले दोन आठवडे नुसती वादावादी चाललीय.

ज्यांनी बघितली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. बीबीसीची मालिका, १९६३ ला सुरू झाली, १९८९ ला बंद पडली, २००५ ला परत चालू. डॉक्टर हा परग्रहावरचा, निळ्या पोलिस बॉक्ससारखं दिसणारं त्याचं टार्डिस नावाचं यान घेऊन कुठल्याही काळात, कुठल्याही ग्रहावर जातो, मरायला टेकला की नवा चेहरा घेऊन उभा राहतो म्हणून नट बदलत राहतात. आणि सोबत जवळजवळ नेहमी कोणीतरी असतं, बहुतेक वेळा आपल्यासारखंच साधं माणूस. त्यांना कंपॅनियन म्हणतात, मी साथीदार म्हणते.

आम्ही जूनमध्ये २००५ च्या पहिल्या भागापासून धरलं, पाऊस धो धो, लाइट गेली की लॅपटॉपची बॅटरी संपेपर्यंत बघायचं आणि मग अंधारात बसून भांडायचं. चवथीपर्यंत डोनाचा सीझन संपला. आतेभाऊ म्हणतो २००५ ची पहिली साथीदार रोझच खरी, ती नसती तर मालिका परत उभीच राहिली नसती. मला रोझ आवडते, पण माझं मत डोना नोबलला.

कारण सांगते. मी गेली चार वर्षं कंत्राटावर ऑफिसांत काम करते, डेटा एंट्री, फाइलिंग, आवक जावक, सहा महिन्यांचं कंत्राट, मग परत सहा महिने. डोना तशीच, लंडनच्या चिझिकमधली टेंप. आई तिला सतत टोचते की तुझं काहीच होत नाही. आणि ‘द सोंटारन स्ट्रॅटेजम’ मध्ये एक फॅक्टरी आहे, आत काहीतरी घोळ आहे हे सगळ्यांना माहीत पण घोळ काय ते सापडत नाही, सैन्य बंदुका घेऊन आलंय, डॉक्टर आपली यंत्रं फिरवतोय, आणि डोना सरळ कर्मचारी विभागात जाते आणि एक फोल्डर उचलून आणते. उघडून दाखवते तर रिकामं. ते आजारपणाच्या रजांचं फोल्डर असतं. एवढी मोठी फॅक्टरी आणि एकही माणूस एक दिवससुद्धा आजारी पडला नाही! हा सीन मी तीनदा मागे नेऊन बघितला. असल्या फाइली मी रोज हाताळते, आणि खरंच सांगते, ऑफिसात काय चाललंय ते रजेच्या फाइलीवरून जितकं कळतं तितकं साहेबाच्या केबिनमध्ये बसून कळत नाही. कोणीतरी हे काम बघितलंय, त्यात डोकं लागतं हे ओळखलंय, आणि ते हिरोइनच्या हातात दिलंय.

पण डोना मला मोठी वाटते ती यापेक्षा वेगळ्या गोष्टीसाठी. ती त्याला थांबवते. पहिल्याच भागात, ‘द रनअवे ब्राइड’, २००६ चा ख्रिसमस, डॉक्टर थेम्स नदीखाली कोळ्यासारख्या (स्पायडर) दिसणाऱ्या परग्रहावरच्या राणीच्या पिल्लांना बुडवत असतो, पाणी चहूकडून कोसळतंय आणि तो नुसता उभा राहून बघतोय, चेहरा दगडासारखा. लग्नाच्या ड्रेसमध्ये भिजलेली डोना वरून हाक मारते की आता बस, आता थांबलास तरी चालेल. मग शेवटी तो तिला बरोबर चल म्हणतो तर ती नाही म्हणते, आणि जाता जाता सांगते की तू एकटा राहू नकोस, कोणीतरी शोध, कधी कधी तुला थांबवणारं माणूस लागतं. पुढे ‘टर्न लेफ्ट’ मध्ये दाखवलंय की त्या रात्री डोना तिथे नसती तर काय झालं असतं, तर डॉक्टर त्या पाण्यातून बाहेरच आला नसता. म्हणजे साथीदाराचं काम टाळ्या वाजवायचं नाही, ब्रेक दाबायचं आहे, आणि ते डोनाइतकं कोणी केलेलं नाही असं माझं म्हणणं.

तर विचारायचं असं की तुमच्या मते कोण? आणि दुसरं, १९६३ ते ८९ चं जुनं बघावं का, की ते फक्त आवड असलेल्यांसाठी आहे? कुठून सुरू करू?

तारवट्याचा मुलगा

तुमच्या आतेभावाच्या बाजूने एक मत माझं. पण कारण वेगळं.

माझे बाबा बोटीवर होते, क्रूझ शिपवर, नऊ नऊ महिने. गोव्यात अशी घरं किती आहेत ते सांगायला नको. बाबा यायचे तेव्हा चॉकलेटं, परफ्यूम, कुठल्या कुठल्या बंदरांच्या गोष्टी, आम्ही पोरं तोंड उघडं ठेवून ऐकायचो. आई मात्र पहिले दोन दिवस फारसं बोलायची नाही. तेव्हा कळायचं नाही का ते.

रोझच्या सीझनमध्ये ‘एलियन्स ऑफ लंडन’ भाग आहे. डॉक्टर रोझला घरी आणतो, म्हणतो तू गेल्याला बारा तास झाले. रोझ जिना चढून आरामात घरात शिरते, आणि जॅकी, तिची आई, तिच्याकडे बघते आणि हातातला कप खाली पडतो. बाहेर डॉक्टर भिंतीवरचं पोस्टर वाचतोय, मुलगी हरवली आहे, आणि मग त्याच्या लक्षात येतं की बारा तास नाही, बारा महिने झाले. वर्षभर त्या बाईने पोस्टरं लावली. मिकीला, रोझच्या मित्राला, तर लोकांनी खुनी ठरवला, पोलिस चौकशीला नेत होते. आणि रोझला सांगताही येत नाही कुठे होते ते, नुसतं प्रवासाला गेले होते म्हणते, त्यावर जॅकी जे काय ऐकवते ते माझ्या आईने बोलून दाखवलं नव्हतं एवढंच, पोटात तेच होतं हे मला तो भाग बघताना समजलं. मी बाहेर जाऊन गॅलरीत उभा राहिलो थोडा वेळ.

म्हणून मी रोझ म्हणतो तेव्हा रोझ आणि जॅकी मिळून म्हणतो. जाणाऱ्याच्या मागे एक घर असतं, तिथे कोणीतरी जेवण झाकून ठेवतं, ही गोष्ट या मालिकेने रोझपासून धरून ठेवली. पुढे मार्थाचं कुटुंब, डोनाचे आजोबा, यास्मिनची आजी, सगळ्यांना वाट जॅकीने करून दिली. आणि सीझनच्या शेवटी डॉक्टर रोझला फसवून घरी पाठवतो, टार्डिस उघडत नाही, मिकीची छोटी गाडी ओढून ओढून हरते, तेव्हा मोठा ट्रक कोण आणतं? जॅकीच. ज्या डॉक्टरने पोरगी नेली त्याच्याकडे परत जायला तीच मदत करते. ट्रक कुणाचा तर रॉड्रिगोचा, हे नाव ऐकून आमच्या घरात सगळे खूश, आमच्या वाड्यावर दोन आहेत.

थांबवण्याबद्दल म्हणाल तर तेही रोझनेच आधी केलंय. ‘डालेक’ भागात (डालेक म्हणजे डॉक्टरचे जुने शत्रू) डॉक्टर भली मोठी बंदूक घेऊन उभा असतो आणि रोझ मधे येते, म्हणते तो डालेक बदलतोय, पण तू काय होत चाललायस ते बघ. २००५ ची गोष्ट ही. डोना नंतरची.

नाइट ड्यूटी

मी स्टाफ नर्स, हे वाचतेय रात्री सव्वातीनला, वॉर्ड शांत आहे तोवर लिहून घेते.

रोझ आणि डोनाच्या मधे मार्था जोन्स कायम चिरडली जाते याचं मला मनापासून वाईट वाटतं. लोक म्हणतात ती नुसती डॉक्टरवर प्रेम करत राहिली. नीट बघा हो. पहिल्या भागात अख्खं हॉस्पिटल चंद्रावर नेऊन ठेवलंय, लोक किंचाळतायत, आणि एक मुलगी खिडकी उघडायला हात घालते. बाजूची ओरडते की हवा निघून जाईल. मार्था म्हणते या खिडक्या काही हवाबंद नाहीत, हवा जायची असती तर मघाशीच गेली असती. बस. हे वाक्य ऐकलं आणि मी म्हटलं ही आमच्यातली. सगळे घाबरलेले असताना समोर काय दिसतंय त्यावरून चालायचं, हे शिकवून येत नाही, वॉर्डात उभं राहून राहून येतं, आणि ही तर अजून विद्यार्थिनी.

मग ते दोन भाग, ‘ह्यूमन नेचर’ आणि ‘द फॅमिली ऑफ ब्लड’. डॉक्टर स्वतःला विसरून माणूस झालाय, १९१३ च्या इंग्लंडमध्ये शाळेत मास्तर, आणि मार्था तिथे मोलकरीण. काळी मुलगी, फरशी पुसतेय, पोरं चेष्टा करतायत. डॉक्टरला तिची ओळखही नाही. तरी ती त्याला सांभाळते, महिनोन्महिने, एकटी. एका प्रसंगात तिथली मेट्रन, जी स्वतः नर्स आहे, म्हणते तुझ्यासारखी मुलगी डॉक्टर कशी होईल, तर मार्था स्वतःचा हात वर धरते आणि हाताच्या हाडांची नावं एकामागून एक म्हणून दाखवते. मीही बघताना बरोबर म्हणत होते, स्कॅफॉइड, ल्युनेट... परीक्षेच्या वेळी पाठ केलेली. अंगावर काटा आला.

आणि सीझनच्या शेवटी ती वर्षभर पायी जग पालथं घालते, घरोघर डॉक्टरची गोष्ट सांगत. जग वाचतं. त्यानंतर ती टार्डिसमधून स्वतः उतरते. कोणी ढकललं नाही, मेली नाही, दुसऱ्या विश्वात अडकली नाही, स्मृती गेली नाही. म्हणते माझ्या घरच्यांना माझी गरज आहे, आणि तुझ्या मागे झुरण्यात माझं आयुष्य जाईल, ते मला नको. आपला फोन त्याच्या हातात देते, मी बोलावलं की यायचं म्हणून. ताळगावची ताई, तुम्ही म्हणता साथीदार म्हणजे डॉक्टरला थांबवणारा, मी म्हणते स्वतःला थांबवता येणं त्याहून कठीण. मार्थाला ते आलं.

रोरी या नंतरच्या साथीदाराचं पण सांगते, कारण तो नर्स आणि पुरुष नर्स टीव्हीवर असा धड दाखवलेला मी दुसरा बघितला नाही. ‘द इलेव्हन्थ अवर’, २०१०. आकाशात सूर्याला काहीतरी झालंय, गावातली सगळी माणसं फोन वर करून सूर्याचे फोटो काढतायत. एकटा रोरी एका माणसाचा आणि कुत्र्याचा फोटो काढतोय. डॉक्टर येऊन विचारतो, का रे? कारण तो माणूस इथे असूच शकत नाही, तो माझ्या वॉर्डात कोमात पडलाय. त्याने हे आधी हॉस्पिटलमध्ये सांगितलेलं असतं, मोठ्या डॉक्टरीणबाईंनी ऐकलं नाही, सुट्टी घे म्हणाल्या. मी एकदा एका जागी नोकरीला असताना एका आजोबांच्या श्वासाबद्दल असंच तीनदा सांगितलं होतं, चौथ्या वेळी कोणी आलं. रोरीचं तोंड तेव्हा कसं होतं ते मला माहितीये.

बेल वाजली. जाते.

निवृत्त इतिहास शिक्षक, फोंडा

बाय, तू जुनं बघू का विचारलंस आणि कोणी उत्तर दिलं नाही, म्हणून मी लिहितो. माझी मुलगी इंग्लंडात स्विंडनला असते, तिच्याकडे दोन हिवाळे काढले, बाहेर चार वाजता काळोख, जावयाकडे जुन्या मालिकेच्या डीव्हीडींचं कपाट भरलेलं. मी फळ्यासमोर एकतीस वर्षं उभा राहिलेला माणूस, आणि बघतो तर काय, मालिकेचे पहिले साथीदार शाळामास्तर! इयन चेस्टरटन विज्ञानाचे, बार्बरा राइट इतिहासाच्या. त्यांच्या वर्गातली सुझन नावाची मुलगी काही विषयांत भलतीच हुशार आणि काही साध्या गोष्टींत अडाणी, म्हणून काळजीपोटी तिच्या घरापर्यंत जातात आणि टार्डिसमध्ये सापडतात. सुझन ही डॉक्टरची नात. पहिला भाग २३ नोव्हेंबर १९६३ चा, आदल्याच दिवशी केनेडींचा खून झाला होता. दिग्दर्शक वारिस हुसेन, जन्म लखनऊचा, तेव्हा पंचविशीतला तरुण.

आता तुझ्या ‘थांबवणं’ या मुद्द्यावर येतो, कारण त्याचं मूळ तिथे आहे आणि ते तुम्हा कोणाच्या बोलण्यात आलेलं नाही. १९६४ ची ‘द अॅझ्टेक्स’ ही कथा बघ. बार्बरा एका थडग्यातून बाहेर येते, हातात तिथलं कडं, आणि मेक्सिकोतले अॅझ्टेक लोक तिला त्या थडग्यातल्या महापुजाऱ्याचा अवतार, म्हणून देवी मानतात. ती इतिहासाची बाई. तिला ठाऊक आहे की पुढे स्पॅनिश येणार आणि हे सगळं धुळीला मिळणार. तिला वाटतं की नरबळी बंद पाडला तर ही संस्कृती वाचेल. डॉक्टर तिला निक्षून सांगतो की इतिहासाची एक ओळसुद्धा बदलता येणार नाही. ती ऐकत नाही. देवीच्या आसनावरून बळी थांबवायचा हुकूम देते, आणि ज्याचा बळी द्यायचा तो स्वतःच अपमान झाला म्हणून मंदिराच्या माथ्यावरून उडी टाकतो.

तुम्ही पॉम्पेई बघितलं ना? डोना आणि डॉक्टर, ज्वालामुखी, तोच वाद. डॉक्टर म्हणतो हा काळाचा पक्का बिंदू, बदलता येत नाही. डोना रडत म्हणते सगळं शहर नको, कोणाला तरी वाचव, एखाद्याला तरी. आणि तो मागे फिरतो आणि एका कुटुंबाला हात देतो. १९६४ ला बार्बरा हरली, २००८ ला डोनाने तेच भांडण पुढे नेलं. मधे चव्वेचाळीस वर्षं. त्या कुटुंबातला बाप झालेला नट पीटर कपाल्डी पुढे स्वतः डॉक्टर झाला, आणि २०१५ च्या एका भागात त्या डॉक्टरला आठवतं की हा चेहरा मी कुठून घेतला, तर त्या वाचवलेल्या माणसाचा, स्वतःला आठवण राहावी म्हणून, की मी लोकांना वाचवतो. म्हणजे डोनाचं वाक्य डॉक्टरच्या तोंडावर येऊन बसलं. साथीदाराची याहून मोठी कमाई मला तरी दिसत नाही.

इयन आणि बार्बरा १९६५ ला घरी परतले, दोन वर्षं गेलेली. बसमध्ये तिकीट काढताना इयन जुनाच दर सांगतो, कंडक्टर विचारतो, होतात कुठे, चंद्रावर? इयनचं काम केलेले विल्यम रसेल २०२२ च्या भागात परत आले, वय ९७, जुने साथीदार खुर्च्या गोल मांडून बसलेत त्यात तेही, ५७ वर्षांनी त्याच भूमिकेत. त्यांना बघून मला माझे जुने सहकारी आठवले, मी थोडा वेळ टीव्ही बंद ठेवला.

सुरुवात कर ती ‘द अॅझ्टेक्स’ पासूनच. चारच भाग आहेत, पंचवीस पंचवीस मिनिटांचे, काळे-पांढरे, आणि चारही शाबूत. साठच्या दशकातले कितीतरी भाग बीबीसीने टेपा पुसून घालवले, त्या काळी लोकांनी घरच्या टेपरेकॉर्डरवर आवाज धरून ठेवला म्हणून नुसतं ऐकायला तरी मिळतात. जेमी मॅक्रिमन, स्कॉटलंडचा पायपर, त्याचे पुष्कळ भाग असेच गेले.

दाबोळी

सर भारी. पण सगळ्या चर्चेत एस राहिली की राव. सिल्वेस्टर मॅकॉयच्या डॉक्टरबरोबरची, १९८७ ते ८९, जॅकेटभर बॅज आणि पिशवीत घरी बनवलेला स्फोटक डबा, नायट्रो नाइन. १९८८ ला ‘रिमेंबरन्स ऑफ द डालेक्स’ मध्ये बेसबॉलची बॅट घेऊन डालेकला हाणते. तोपर्यंतच्या किती मुली साथीदारांना काम काय तर किंचाळणे, घोटा मुरगळणे आणि हे काय आहे डॉक्टर असं विचारणे म्हणजे प्रेक्षकाला समजावता येतं. लीला होती वेगळी, सुरा घेऊन फिरायची, पण एस ही शेजारच्या बिल्डिंगमधली वाटते, घरातून वैतागलेली, आईचं नाव काढलं की तोंड फिरवणारी.

आणि थांबवणं थांबवणं चाललंय तर दुसरी बाजू पण बघा, डॉक्टर साथीदाराला वापरतो ती. ‘द कर्स ऑफ फेनरिक’ मध्ये एसचा त्याच्यावर इतका विश्वास की त्या विश्वासामुळेच शत्रूला संपवू शकणारा प्राणी अडून राहिलाय, मग तो मुद्दाम तिला तोंडावर नको ते बोलतो, तिचा विश्वास मोडावा म्हणून. जग वाचतं, पण तिचा चेहरा बघवत नाही. ती त्याला माफ करते, मी नसतं केलं.

अजून एक. यास्मिन खान या अलीकडच्या साथीदाराचा ‘डीमन्स ऑफ द पंजाब’, २०१८, घरच्यांना बसवून दाखवा. १९४७, फाळणी, यास्मिनची आजी उंब्रीन मुसलमान आणि तिचं लग्न प्रेम नावाच्या हिंदू मुलाशी, आणि प्रेमचा सख्खा धाकटा भाऊच उलटतो. यात डॉक्टर काहीच थांबवू शकत नाही आणि साथीदारही नाही, नुसतं साक्षी राहायचं. विनय पटेल यांनी लिहिलाय. आमच्या आजीने पूर्ण बघितला, मधे एकदाही उठली नाही.

नाइट ड्यूटी

परत आले. एक बोलायचं राहिलं, डोनाचं शेवटचं.

तिच्या डोक्यात टाइम लॉर्डचं, म्हणजे डॉक्टरच्या जमातीचं, मन शिरलंय, ते राहिलं तर ती मरेल, म्हणून डॉक्टर तिची स्मृती पुसतो. ती नाही म्हणते. स्पष्ट, परत परत, रडून म्हणते नको, मला परत पाठवू नकोस. आणि तो करतो. लोक म्हणतात जीव वाचवला. मी रोज सहीचे कागद भरून घेते म्हणून सांगते, पेशंट शुद्धीत आहे आणि नाही म्हणतोय. ताई, तुमची डोना सगळ्यांना थांबवत आली आणि तिने स्वतःसाठी थांब म्हटलं तेव्हा त्याने ऐकलं नाही. मला तो भाग आजही परत लावता येत नाही.

मालिकेलाही ते लागून राहिलं असणार. २०१५ ला क्लारा या नंतरच्या साथीदाराच्या बाबतीत तो तेच करायला निघतो, तर क्लारा म्हणते माझ्या आठवणी माझ्या आहेत, हात लावायचा नाही. शेवटी तिच्याऐवजी त्याच्याच डोक्यातून ती पुसली जाते.

निवृत्त इतिहास शिक्षक, फोंडा

सिस्टर, फार योग्य बोललात. आणि यात अजून एक आहे. १९६९ ला ‘द वॉर गेम्स’ मध्ये टाइम लॉर्डांनी शिक्षा म्हणून जेमी आणि झोई या दोन साथीदारांच्या स्मृती अशाच पुसल्या होत्या, फक्त पहिल्या भेटीची आठवण ठेवली. तेव्हा अन्याय झाला तो डॉक्टरवर आणि त्याच्या माणसांवर. २००८ ला त्याने स्वतःच्या हाताने तेच केलं.

ताळगावची

सगळ्यांना देव बरें करूं. एवढं कोणी लिहील असं वाटलं नव्हतं.

सिस्टर, तुमचं वाचून मी दोन दिवस काही लिहिलं नाही. मला डोनाच्या त्या सीननंतर आजोबांचाच सीन जास्त आठवत होता, विल्फ्रेड, पावसात दारात उभा, डॉक्टरला सॅल्यूट करतो आणि म्हणतो मी रोज रात्री आकाशाकडे बघून तुझी आठवण काढीन, तिच्या वतीने. तेव्हा मी त्यात वाहून गेले आणि आत पलंगावर झोपलेल्या बाईने नाही म्हटलं होतं हे माझ्या डोक्यातून निसटलं. तुम्ही म्हणता ते खरं आहे. २०२३ ला तिला सगळं परत आठवतं हे मला आतेभावाने आधीच सांगून टाकलंय, पण मधली पंधरा वर्षं तर गेलीच ना तिची, चंद्र तारे बघून आलेली बाई आणि परत आईची बोलणी खात बसलेली, का रिकामं रिकामं वाटतं तेही न कळता.

तारवट्याचा मुलगा, तुमचं लिहिलेलं आतेभावाला वाचून दाखवलं, तो काही बोलला नाही, त्याचे पप्पा पण बोटीवर होते. ‘डालेक’ मधला सीन मी विसरले होते, तो मुद्दा तुमचा. ब्रेक पहिल्यांदा रोझने दाबला, मान्य.

आणि सर, काल रात्री ‘द अॅझ्टेक्स’ बघितलं, चारही भाग एकदम. पहिली दहा मिनिटं कागदी पडदे आणि नाटकासारखं बोलणं जाणवलं, मग नाही जाणवलं, आमच्याकडे जत्रेच्या नाटकात कुठे खरा डोंगर असतो. बार्बरा त्या देवीच्या मुकुटात उभी असताना मला सारखी भीती वाटत होती की ही आता मोडणार. आणि तुम्ही एक गोष्ट लिहिली नाहीत, मुद्दामच ठेवलीत वाटतं मला बघायला. शेवटी थडग्यात ती म्हणते की काय उपयोग झाला, काहीच बदललं नाही, आणि डॉक्टर तिला सांगतो की संस्कृती वाचवता आली नाही तुला, पण एका माणसाला तू मदत केलीस. तो ऑटलॉक, ज्याने तिचं ऐकून देवाधर्माचा आपला जुना विश्वास सोडला आणि निघून गेला. एक माणूस! डोना पॉम्पेईत तेवढंच तर मागते. १९६४ ला डॉक्टरने स्वतः बार्बराला दिलेलं उत्तर डोनाने त्याला परत ऐकवलं, मी हे बघून उठून बसले आणि आतेभावाला रात्री साडेबाराला फोन लावला.

आणि ते ब्रोचचं. कामेका नावाची ती बागेतली बाई, डॉक्टर तिच्याबरोबर कोको पितो आणि त्याला माहीतच नसतं की कोको करून पाजणं म्हणजे लग्नाची मागणी. निघताना ती त्याला एक ब्रोच देते. बार्बरा आत जाते, डॉक्टर एकटा मागे राहतो, ब्रोच थडग्यावर ठेवतो, वळतो, टार्डिसच्या दारापर्यंत जातो. मग परत येतो आणि उचलून घेतो.

आता पुढे कुठलं बघू?

निवृत्त इतिहास शिक्षक, फोंडा

सारा जेन, सत्तरच्या दशकातली साथीदार. ‘द हँड ऑफ फिअर’, १९७६, हेही चारच भाग. तो तिला घराजवळ सोडतो आणि निघून जातो, आणि मग तिच्या लक्षात येतं की हा आपला रस्ता नाही. ते संपलं की लगेच २००६ चं ‘स्कूल रियुनियन’ परत लाव, तीस वर्षांनी ती त्याला काय विचारते ते आता वेगळं ऐकू येईल. आणि तारवट्याच्या मुला, तू पण बघ रे, आईला घेऊन.